पुसलेला हात

मित्रांनो, फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शाळा येणार. मी मात्र शाळेची पायरी कधी चढलो नाही. माझं सारं आयुष्य मंगळूरजवळ गुरुपुर नदीच्या काठी, कौलांच्या कारखान्यात गेलं. तुमच्या आजोळच्या घरावर लाल मंगलोरी कौलं असतील, तर त्यांतलं एखादं माझ्या समोरून गेलेलं असेल. फळे आपली गोष्ट सांगायला लागले की कौतुकानं सांगतात, पण माझी गोष्ट तशी नाही. ती सांगताना मला मान वर करवत नाही. तरी सांगतो, कारण न सांगण्यानं काय होतं हे मी एकदा पाहिलं आहे.

जन्मानं मी फणसाच्या लाकडाचा. जुन्या भट्टीच्या छपराला एक दार होतं, त्याच्या तीन फळ्या म्हणजे मी. तेव्हा भट्टीवर एक म्हातारे जाळकरी होते. भोकातून आतला रंग नुसता बघून ते सांगत, आता सरपण घाला, आता थांबा. एका गणेश चतुर्थीला ते गावी गेले आणि तिथंच वारले. मग महिनाभर भट्टीतून वाकडीच कौलं निघाली. कारखान्याचे धनी डोक्याला हात लावून बसले. म्हाताऱ्याला काय काय ठाऊक होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा सेसप्पा मेस्त्री पुढे झाले. यंत्रांची सगळी दुरुस्ती त्यांच्याकडे असायची. त्यांनी फळ्या जोडल्या, करवंटीचा कोळसा वाटून पेजेच्या पाण्यात कालवला, त्या रंगाचे तीन हात मला दिले आणि जिथं सगळे पेज प्यायला बसत त्या भिंतीवर मला टांगलं. खडू कुठला असणार? खाली एका करवंटीत शाडूचे खडे ठेवले. मेस्त्री सगळ्यांना म्हणाले, "ज्याला जे दिसेल त्यानं ते इथं टाकायचं. डोक्यात ठेवून कोणी गावाला जायचं नाही."

लोक हसले, कारण कारखान्यातल्या निम्म्या माणसांना लिहिता येत नव्हतं. कौलं वाहणाऱ्या बायकांत तर एकीलाही नाही. पण त्यांच्यात कल्याणीअक्का होती. डोक्यावर आठ कौलं घेऊन ती नव्या सुनेला टोमणा मारत चालू शकायची. तिनं दुसऱ्याच दिवशी शाडूचा खडा उचलला आणि माझ्या पोटावर एक मासा काढला. अर्थ असा, की आजची माती नदीच्या अंगाची आहे, रेताड आहे, जरा जास्त मळा. मग चिन्हं वाढत गेली. फुली मारलेला सूर्य म्हणजे वाळवणीचं छप्पर गळतंय. नाग म्हणजे कौलाला आडवी भेग पडतेय. नवीन आलेल्या कारकुनाला हे कोणी सांगितलं नव्हतं. खरा नाग निघाला समजून तो दोन दिवस वाळवणीच्या खोलीकडे फिरकलाच नाही, आणि बायकांनीही त्याला खुशाल घाबरू दिलं.

या सगळ्यांत एक खूण मोठी होती. ती म्हणजे हात. पाच बोटांचा, उघडा. त्याच्या बाजूला जेवढ्या रेघा तेवढ्या नंबरचा प्रेस. माती साच्यात दाबून कौल काढणाऱ्या यंत्राला तिथं प्रेस म्हणतात. वरचा लोखंडी साचा उचललेला राहावा म्हणून प्रेसला एक खिटी असते. खिटी बसली की टक्क असा आवाज येतो, मग हात आत घालून मातीची पोळी ठेवायची. खिटी झिजली की टक्क येत नाही. कोणाला तसा संशय आला की त्यानं हात काढायचा. हात दिसला की कोणी त्या प्रेसवर बसायचं नाही, मग धनी स्वतः येऊन उभे राहिले तरी. मेस्त्री येत, खिटी बदलत आणि स्वतःच्या हातानं तो हात पुसत. पुसण्याचा अधिकार फक्त त्यांचा.

सकाळी दहाला भोंगा व्हायचा आणि अर्धा तास सगळी यंत्रं थांबायची. उकड्या तांदळाची पेज, सुक्या बांगड्याची चटणी, आणि माझ्यासमोर पन्नास माणसं. कोणी माशाकडे बोट दाखवून विचारायचं, हे कोणी काढलं, किती रेताड आहे? मग वाद व्हायचा, चेष्टा व्हायची, आणि नव्या माणसाला एका पेजेत एवढं कळायचं, की तेवढं वर्षभर एकट्यानं काम करून कळलं नसतं.

मित्रांनो, तुम्हांला वाटेल मी खूश असेन. इथूनच माझ्या लाजेची सुरुवात आहे. मी खूश नव्हतो. माझं अंग कायम बरबटलेलं असायचं. अर्धे पुसलेले मासे, सूर्यावर बसलेला नाग, कडेला कोणाच्या तरी चटणीची बोटं. एकदा मंगळूरहून कोणी पाहुणे आले आणि मला बघून त्यांनी नाक मुरडलं. मला ते फार लागलं. मला वाटायचं, आपणही शाळेतल्या फळ्यासारखं असावं, काळंभोर आणि स्वच्छ, वर वळणदार अक्षरं. मी कोणाच्या किती उपयोगी पडतो ते मला दिसत होतं, तरी मनात हीच खंत.

पुढे धनी थकले. त्यांनी कारभार बघायला बंगळूरहून एक तरुण मॅनेजर आणले, हेब्बार साहेब. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो. सगळ्यांच्या आधी येणार, सगळ्यांच्या नंतर जाणार, पेजसुद्धा उभ्यानं पिणार. त्या वर्षी कौलांची मागणी फार होती आणि माल वेळेवर जात नव्हता. साहेबांनी आठवडाभर घड्याळ हातात घेऊन पाहिलं आणि त्यांना दिसलं की यंत्रं वारंवार थांबतात. दहाला अर्धा तास तर सगळाच कारखाना थांबतो. त्यांनी पेजेच्या दोन पाळ्या केल्या. अर्ध्यांनी दहाला प्यायची, अर्ध्यांनी अकराला, म्हणजे यंत्रं चालू राहतील.

मग ते माझ्याकडे वळले. माझे मासे, सूर्य, नाग सगळे धुऊन निघाले. मला सुताराकडून रंधा मारून घेतला, चकचकीत काळा रंग दिला, पांढरी चौकट आखली. तेलरंगानं दोन रकाने काढले. डावीकडे, 'किती दिवस तक्रार नाही'. उजवीकडे, 'कोणामुळे काम थांबलं'. शाडूच्या खड्यांची करवंटी गेली. पांढऱ्याशुभ्र खडूंची पेटी साहेबांच्या टेबलावर राहू लागली. नियम असा, की उजव्या रकान्यात ज्याचं नाव तीनदा येईल त्याची बदली भट्टीच्या तोंडाशी, सरपण घालायला.

रोज सकाळी साहेब स्वतः ओल्या फडक्यानं मला पुसत, उजव्या रकान्यातली नावं तेवढी राहू देत, आणि सुंदर अक्षरात लिहीत. मी सुखावलो. त्या वर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला यंत्रांबरोबर मलाही झेंडूचा हार घातला. मी दिमाखात उभा होतो. कल्याणीअक्का कौलं घेऊन जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "नवरदेव झालाय अगदी. आता हा कामाला कसला लागतोय." मला राग आला. वाटलं, हिला स्वच्छतेची किंमत नाही.

उजव्या रकान्यात पहिलं नाव आलं ते सेसप्पा मेस्त्रींचं. त्यांनी दोन नंबरचा प्रेस सकाळभर बंद ठेवला होता, खिटीसाठी. साहेब म्हणाले, खिटी बदलायची तर सुट्टीच्या दिवशी बदला. पण मागणी अशी, की सुट्टीचे दिवसही कामात जात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि नाव दुसऱ्यांदा आलं. साहेबांच्या वळणदार अक्षरात ते नाव फार छान दिसत होतं. मी ते अंगावर मिरवलं, मित्रांनो. ज्यांनी मला जोडलं, कोळसा वाटून मला रंग दिला, त्यांचं नाव मी गुन्हेगारासारखं मिरवलं आणि मला काही वाटलं नाही. मेस्त्री मात्र त्या दिवसापासून माझ्यासमोरून जाताना दुसरीकडे बघू लागले.

मेस्त्रींना दमा होता. भट्टीच्या तोंडाशी दिवसभर धूर. तिसऱ्यांदा नाव आलं तर तिथं त्यांचे किती दिवस निघतील, हे सगळा कारखाना जाणून होता.

हळूहळू उजवा रकाना होता तिथंच थांबला. नवी नावं येईनात, कारण कोणी काम थांबवीना. कौलाला भेग दिसली तर बायका ते मधल्या थरात सरकवून द्यायच्या. रेताड माती आली तर कोणी बोलायचं नाही. ज्याला कळायचं तो आपल्यापुरता हात सांभाळायचा आणि बाकी पोटात ठेवायचा. डावा आकडा मात्र रोज वाढत होता. दहा दिवस तक्रार नाही. पंधरा दिवस. वीस. साहेब खूश, धनी खूश. सगळ्यांत जास्त खूश मी. मला वाटलं, कारखान्यात सगळं ठीक चाललंय म्हणूनच मी एवढा स्वच्छ आहे.

त्याच सुमारास वारिजा कामाला लागली. नदीपलीकडच्या गावची, वीस-बावीस वर्षांची, होडीनं ये-जा करायची. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि कमावणारी ही एकटी. हातानं चपळ म्हणून तिला दोन नंबरच्या प्रेसवर बसवलं. त्या प्रेसची खिटी पुन्हा झिजली होती. हे चार माणसांना ठाऊक होतं. सेसप्पा मेस्त्री, कल्याणीअक्का, आणि आधी त्या प्रेसवर बसून गेलेल्या दोघी. चौघंही दहाच्या पेजेला. वारिजा अकराच्या. टक्क ऐकल्याशिवाय हात घालायचा नाही, ही गोष्ट पूर्वी पेजेच्या पहिल्याच दिवशी कळायची. ती तिला कोणी सांगितलीच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

एका बुधवारी सकाळी, कामाचा भोंगा व्हायच्या आधी, साहेबांच्याही आधी, मेस्त्री माझ्यासमोर येऊन उभे राहिले. किती दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी कमरेच्या गाठीतून शाडूचा एक जुना खडा काढला. मला ओरखडा पडेल म्हणून माझ्या अंगावर काटा आला. हे आठवलं की आजही मला स्वतःची शरम वाटते. तो माणूस काही सांगायला आला होता आणि मला काळजी माझ्या रंगाची.

त्यांनी एक रेघ ओढली. ती अंगठ्याची होती. मग त्यांची नजर उजव्या रकान्यावर गेली. तिथं त्यांचं नाव दोनदा होतं, आणि खाली तिसऱ्यापुरती जागा. फाटकाशी साहेबांच्या चपलांचा आवाज झाला. मेस्त्रींनी बाहीनं ती रेघ पुसली, खडा गाठीत बांधला आणि खाली मान घालून निघून गेले. साहेब आले, त्यांनी मला फडक्यानं एकदा लख्ख पुसलं आणि डाव्या रकान्यात लिहिलं, सव्वीस.

साडेदहाच्या सुमारास खिटी सुटली. वारिजाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, मधलं आणि त्याच्या पलीकडचं.

तिला होडीनं आणि मग गाडीनं मंगळूरला नेलं. कारखाना बंद झाला, सगळे माझ्यासमोर गोळा झाले, कारण गोळा व्हायची सवय तिथलीच. धनी काठी टेकत आले. त्यांनी माझ्यावरचं वाचलं. सव्वीस दिवस तक्रार नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली बसले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, "खिटी झिजलीय हे कोणाला माहीत होतं?"

मेस्त्रींचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शेवटी कल्याणीअक्का पुढे झाली. तिच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता.

"आम्हां चौघांना माहीत होतं, साहेब. फक्त तुमच्या फळ्याला माहीत नव्हतं."

मित्रांनो, त्या दिवसापूर्वी मला कोणी कुरूप म्हणालं होतं, कोणी घाणेरडा. पण मी खोटा आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. अक्कानंही तसं म्हटलं नाही, पण मला तेच ऐकू आलं आणि ते खरं होतं. माझ्यावर लिहिलेलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. तक्रार खरंच नव्हती. तरी मी सव्वीस दिवस खोटं बोलत उभा होतो.

हेब्बार साहेब दुसऱ्या दिवशी पत्र्याची पट्टी घेऊन आले आणि त्यांनी उजव्या रकान्याचा मथळा स्वतः खरवडून काढला, खालची नावं आणि डावा आकडा पुसला. पेज पुन्हा दहाला, सगळ्यांची एकत्र. करवंटी परत आली, तिच्यात शाडूचे खडे आले. सगळ्यांसमोर उभं राहून साहेब म्हणाले की आता ज्याला जे दिसेल ते लिहा, कोणाला काही होणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. पण कोणी लिहिलं नाही. एक दिवस, आठ दिवस, महिना. लोक गप्प पेज पीत आणि उठून जात. साहेब रोज सकाळी येऊन बघत, मी कोराच. ज्या कोरेपणावर मी जीव टाकला तो आता मला सोसवेना. मला वाटायचं, कोणी तरी एक मासा काढा रे. चटणीची बोटं तरी पुसा.

मेस्त्री माझ्यासमोर बसत आणि पेज तशीच ठेवून उठत. नवीन खिटी त्यांनी अपघाताच्याच दिवशी बसवली होती. त्यानंतर त्यांनी कोणाशी धड बोलणं टाकलं होतं.

दीड महिन्यानं वारिजा आली. हाताला फडकं गुंडाळलेलं. साहेबांनी तिला कौलं मोजायच्या कामावर घेतो म्हणून निरोप धाडला होता. ती आली ती पेजेच्या वेळेला. तिला बघून सगळ्यांचे घास हातात राहिले. कल्याणीअक्कानं आपल्या शेजारी जागा केली. पण ती बसायच्या आतच मेस्त्री उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

"पोरी, मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या सकाळी मी इथं हात काढायला घेतला होता. अंगठा काढला. पुढे हात चालला नाही. मग पुसून टाकला."

मला वाटलं आता वारिजा रडेल, नाहीतर त्यांना शिव्या घालेल. आमच्या कारखान्यातल्या बायका शिव्या द्यायला कमी नव्हत्या. तिनं एवढंच विचारलं, "कुठं काढला होता?"

मेस्त्रींनी माझ्या उजव्या बाजूला, खरवडलेल्या जागेच्या जरा खाली बोट ठेवलं.

ती दोन नंबरच्या प्रेसकडे गेली. हाताचं फडकं तिनं सोडलं. बाजूच्या घमेल्यातल्या ओल्या मातीत हात मनगटापर्यंत बुडवला आणि परत आली. मेस्त्रींनी जिथं बोट ठेवलं होतं तिथं तिनं आपला अंगठा टेकवला, आणि मग सगळा हात माझ्यावर दाबला. माती थंड होती. तिचा हात गरम होता. तिनं हात काढून घेतला आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "आता पुसा."

साहेबांच्या हातात ओलं फडकं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. दुपारी माती वाळून झडायला लागली, तेव्हा ते तेलरंगाचा डबा घेऊन आले आणि गुडघ्यावर बसून त्या हाताभोवती एक बारीक रेघ ओढू लागले. अंगठा, पहिलं बोट, करंगळी. मधे दोन बोटांची जागा आली तेव्हा त्यांचा कुंचला थांबला. ती जागा त्यांनी तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळी मी बघतो तर माझ्या पोटावर एक मासा. कल्याणीअक्काच्याच वळणाचा, शेपूट वाकडं. खाली वाद चालला होता, माती किती रेताड आहे यावर. चार दिवसांनी एक नंबरच्या प्रेसला हात निघाला. ज्या बाईनं काढला ती हात काढून तिथंच उभी राहिली, साहेब येईपर्यंत. साहेबांनी प्रेस थांबवला, तिला नाव विचारलं, आणि नाव कुठंही न लिहिता मेस्त्रींना बोलावणं धाडलं.

त्याला आता खूप वर्षं झाली. लोक कौलांऐवजी सिमेंटचं छप्पर घालू लागले आणि कारखाना बंद पडला. मेस्त्री गेले, अक्काही गेली. वारिजा कधीमधी सरपण गोळा करायला या आवारात येते. ती आता म्हातारी झाली आहे. माझ्यासमोर जरा उभी राहते आणि जाते. मी भिंतीवर आहे अजून. ऊन-पावसानं रकाने गेले, चौकट गेली, त्या हाताची रेघ तेवढी उरली.

मित्रांनो, म्हातारे फळे शेवटी विनवणी करतात, आम्हांला स्वच्छ ठेवा, जपून वापरा. मी उलटंच मागतो. तुम्ही मोठे व्हाल, कोणी कारखान्यात जाल, कोणी कचेरीत, कोणी दुसऱ्यांवर साहेब व्हाल. तिथं जो फळा असेल त्याला बरबटू द्या. कोणी तुमच्याकडे येऊन हे बिघडलंय असं सांगितलं तर आधी त्याचं नाव लिहायला धावू नका. तुमच्याकडे कोणीच काही सांगायला येत नसेल, तर मात्र उठा आणि चार माणसांबरोबर बसून पेज प्या.

माझ्यावर आता धूळ आहे, शेवाळ आहे, पाखरांची घाण आहे. पण त्या रेघेत, पहिलं बोट आणि करंगळीच्या मधे, दोन बोटांची जागा आहे. तिथला काळा रंग कसा कोण जाणे, अजून तसाच चकचकीत राहिला आहे. माझ्या अंगावर सगळ्यांत स्वच्छ तेवढीच जागा आहे, आणि तिचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.